आईच्या लुगड्याचा तुकडा

विमानाचे पंख कापडाचे असतात, असं मी सांगितलं की लालबागच्या आमच्या चाळीत लोक हसायचे. सगळ्या विमानांचे नव्हे, जुन्यांचे, हे समजावता समजावता माझं डोकं फिरायचं. शेवटी मी सांगणंच सोडलं. नऊ वर्षं मी गिरणीत कापड विणलं आणि नंतर अकरा वर्षं जुहूच्या विमानतळावर एका क्लबात ते पंखांवर चढवलं. लाकडी सांगाड्यावर कापडाचा अभ्रा ओढायचा, मेण लावलेल्या दोऱ्याने तो फासळ्यांना टाचायचा आणि वरून डोप नावाचं उग्र वासाचं रोगण द्यायचं. ते वाळलं की कापड इतकं ताठतं, की टिचकी मारली तर नगाऱ्यासारखं वाजतं.

क्लबात एकोणीसशे एकोणतीस सालचं एक दुपंखी विमान होतं. वरून उघडं, दोन खुर्च्यांचं. पुढे पाहुणा बसायचा, मागे चालवणारा. मेळ्यांमध्ये लोकांना दाखवण्यापुरतंच ते उडायचं, आणि ते उडवायचे शामराव. गिरगावातले, साठीला टेकलेले, बायको वारल्यापासून एकटेच राहणारे. तरुणपणी ते याच विमानावर शिकले होते. उडण्याआधी पंखाला टिचकी मारून ते दरवेळी विचारायचे, "गुणाजी, कापड कसं आहे?" मी म्हणायचो, "ताठ आहे, साहेब." मगच ते खुर्चीत चढायचे. बाकीचे वैमानिक मला ओळखतसुद्धा नसत, त्यामुळे त्या एका प्रश्नाचं मला फार अप्रूप होतं.

त्यांचा आणखी एक नियम होता. ज्याने कापड चढवलं, त्याने पहिल्या उड्डाणाला पुढच्या खुर्चीत बसायचं. हा नियम मी अकरा वर्षं चुकवला. कधी पोट बिघडलं, कधी पाठ धरली, कधी चाळीत मयत झालं. माझ्याऐवजी मेकॅनिक दगडू बसायचा आणि उतरल्यावर आठवडाभर ऐट मारायचा. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्याला टेकायचीसुद्धा माझी छाती होत नसे.

तो साठ सालचा मार्च होता. महाराष्ट्राचं राज्य होणार हे पक्कं झालं होतं आणि सगळी चाळ लग्नघर असल्यासारखी वागत होती. माझ्या तोंडाचा पट्टा मात्र घरीदारी सुटलेला. कारण रविवारी दादरच्या चौपाटीसमोर जुनी विमानं उडवून दाखवायची होती, आणि नेमकी त्याच रविवारी शामरावांच्या परवान्याची मुदत संपत होती. त्यांचे डोळे तपासून डॉक्टरांनी पुढे सही द्यायला नकार दिला होता. सोमवारपासून विमानाला हात लावायचा तो फक्त पुसायला. आणि अशा वेळी खालच्या डाव्या पंखाचं कापड उंदरांनी कुरतडून ठेवलं होतं.

क्लबातला शिंपी नोकरी सोडून गेला होता, म्हणून अभ्र्याचं कापड मी घरी आणलं. माझी बायको राधा चाळीतल्या बायकांचे कपडे शिवायची, तिचा हात सरळ होता. साडेतेरा फुटांचं कापड खोलीत मावेना, तेव्हा तिने मशीन गॅलरीत काढलं. तीन बिऱ्हाडांच्या दारांपुढे तो अभ्रा पसरला. शेजारची शेवंती आणि आणखी चौघी-पाचजणी टोकं धरायला बसल्या. छप्पन साली मोर्च्याचे फलक याच बायकांनी याच गॅलरीत शिवले होते, त्यामुळे त्यांना शिकवायला गेलो तेव्हा त्यांनी मला हाकलून दिलं. मी रागारागाने कामावर निघून गेलो. ती माझी चूक.

शुक्रवारी पंखावर डोपचा दुसरा हात वाळत असताना सरकारी इन्स्पेक्टर आला. बोटं फिरवत फिरवत तो टोकाच्या कोपऱ्यापाशी थांबला. रोगणाने पांढरं कापड पारदर्शक होतं, आणि तिथे आतून तळहाताएवढा जांभळा तुकडा दिसू लागला होता. आत दुसरं कापड आहे, ते कुठलं, कुणी लावलं, असं त्याने विचारलं. मीही तो तुकडा तेव्हाच पहिल्यांदा पाहत होतो. कोपरा उघडून तुकडा काढा, पुन्हा शिवा, रविवारी सकाळी कापड ताठ दिसलं तरच सही करीन, असं सांगून तो गेला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, म्हणून तर जास्त चीड आली.

घरी येऊन मी राधाला नको नको ते बोललो. तुझ्यामुळे साहेबांचं शेवटचं उड्डाण जाणार, असंही म्हणालो. ती मशीनवरून उठलीसुद्धा नाही.

"गोधडी पुरी होताना कोपऱ्यात गेलेल्या माणसाच्या कापडाचो तुकडो घालतत," ती म्हणाली. "पांघरणाऱ्याक राखण होता. ह्या विमानाक राखण नको?"

"कुणाचा तुकडा घातलास?"

"तुमच्या आयेच्या लुगड्याचो."

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. ते जांभळं लुगडं ती सणालाच नेसायची, आणि ते ट्रंकेत आहे हे मी विसरूनही गेलो होतो. ओरडल्याची लाज वाटली. पण माफी मागायची सवय नाही, म्हणून उद्या माझ्याबरोबर चल, एवढंच म्हणालो.

शनिवारी सकाळी राधा जुहूला आली. विमान तिने पहिल्यांदाच पाहिलं. एवढंसंच आसा, म्हणाली आणि पदर खोचून पंखाशी बसली. मी कोपरा उसवला, तुकडा काढला. तिने हाताने इतके बारीक टाके घातले की बघायला आलेला दगडूही वाकून ते मोजू लागला. शामरावही येऊन उभे राहिले होते. मला वाटलं, आता हे विचारणार की हा वेडेपणा कुणी केला. मी सगळा दोष स्वतःवर घेत घडलेलं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग तुकडा मागून घेतला आणि घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

"राधाबाई," ते म्हणाले, "पंखात काय असावं याला नियम आहे. माझ्या खिशात काय असावं याला नाही."

राधाला हसू आलं. मग माझ्याकडे वळून, शामरावांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "हे रोज विमानाक हात लावतत, पण एकदा पण वर गेले नाय." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दिवसभरात मी डोपचे तीन हात दिले आणि प्रत्येक हात वाळेपर्यंत समुद्राकडच्या दमट वाऱ्याला शिव्या घातल्या.

रविवारी सकाळी इन्स्पेक्टरने कोपऱ्यावर टिचकी मारली, कान देऊन ऐकलं आणि सही केली. पहिल्या चाचणीला मी पुन्हा पोट धरलं आणि दगडू बसला. दुपारी शामराव एकटे दादरला उडून गेले. चौपाटीवर माणसांची ही गर्दी होती म्हणे. लाटांवरून खाली येत त्यांनी दोनदा पंख हलवून सलाम केला, आणि आमच्या चाळीतल्या बायका 'आमचा पंख, आमचा पंख' म्हणत अनोळखी लोकांना बोट दाखवत होत्या. हे सगळं मला राधाने नंतर सांगितलं. मी जुहूला धावपट्टीच्या कडेला बसून आभाळाकडे बघत होतो.

ते परत उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. इंजिन त्यांनी बंद केलं नाही. चष्मा कपाळावर सारून मला हाताने जवळ बोलावलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. खिशातून तुकडा काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"सूर्य बुडेपर्यंत मी वैमानिक आहे, गुणाजी. उद्यापासून तुला चुकवायला माझा नियम उरणार नाही."

पोट, पाठ, मयत, काहीच आठवेना. या माणसाला आजही आपण नाही म्हणालो, हे पुढे आठवत जगणं भीतीहून वाईट होतं. मी चढलो. दगडूने पट्टे बांधले आणि मागच्या खुर्चीशी बोलायची-ऐकायची रबरी नळी माझ्या कानांना आणि तोंडाला लावली. मी तुकडा मुठीत घट्ट धरला आणि डोळे मिटले. खालचा खडखडाट एकदम थांबला, तेव्हा कळलं की जमीन सुटली.

बराच वेळ नुसता वारा होता. मग नळीतून आवाज आला.

"गुणाजी, कापड कसं आहे?"

डोळे उघडल्याशिवाय उत्तर देता येईना, आणि न बघता उत्तर मी कधी दिलेलं नाही. उघडले. डाव्या पंखाचा कोपरा उन्हात होता, राधाचे टाके होते तिथेच होते. त्याच्याखाली, फार खाली, गिरण्यांची धुराडी होती. त्यांतलं आमचं कुठलं, ते मी धुरावरून ओळखलं.

"ताठ आहे, साहेब."

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा नीट बघून सांगितलं. गिरगावावरून वळताना तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की यांना कापडाचं काही विचारायचं नाही, उतरणं लांबवायचं आहे. सूर्य पाण्याला टेकला होता.

"उतरायचं ना आता?" त्यांनी विचारलं.

मी मुठीतला तुकडा आणखी घट्ट धरला. मग म्हणालो, "अजून एक फेरी मारू या, साहेब."