पाटावरची बंदूक

१. दस्ता काढताना दोन्ही स्क्रू थोडे थोडे सैल करावेत. एकच पूर्ण काढला तर लाकूड चिरतं.

ही अप्पांची वही. आमच्याकडे छर्‍यांची एक जुनी अमेरिकन बंदूक आहे, खालचा दांडा ओढून भरायची. अप्पांच्या बेअरिंगच्या कारखान्यात १९५८ साली यंत्रं बसवायला आलेला एक अमेरिकन माणूस परत जाताना त्यांना देऊन गेला. तेव्हापासून तिची निगा अप्पा राखतात आणि काय काय करायचं ते या वहीत लिहितात. माझ्यासाठी. रणवीरदादाला यातलं काही नको.

या दसऱ्याला त्या बंदुकीतून छर्रा सुटला आणि शिवाप्पामामांचा डावा डोळा गेला. बंदूक अप्पांच्या हातात होती.

एवढं सगळ्या गल्लीला माहीत आहे.

२. चामड्याचा वायसर वाळला की हवा धरत नाही. तेलाचे दोन थेंब, जास्त नको. नवा करायचा तर जुन्या चपलेच्या पट्ट्याचा करावा, आदल्या दिवशी तेलात घालून.

अष्टमीला अप्पांनी नवा वायसर बसवला. बंदूक उलटीपालटी करून हलवली. रिकामी. देवघराजवळ ठेवली आणि ते केळीचा खांब सांगायला शिवाप्पामामांच्या केळीच्या पानांच्या दुकानात गेले.

घरची तलवार थोरल्या काकांच्या वाटणीत गेली, म्हणून खंडेनवमीला आमच्या पाटावर ही बंदूक असते. शेजारी अप्पांचा मायक्रोमीटर, स्कूटरची किल्ली, जमनाअत्याची विळी. हळद, कुंकू, लिंबू. एकदा पाटावर चढलेल्या वस्तूला दसऱ्याची पूजा होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. हा अत्याचा कायदा, अप्पांच्या मोठ्या बहिणीचा, त्यामुळे अप्पांनाही लागू.

दसऱ्याला अप्पा बंदूक उचलतात आणि अंगणातल्या केळीच्या खांबावर एकदा चालवतात. कोरी. नुसती हवा, फट्. खांब धरून उभे असलेले शिवाप्पामामा "अय्यो, सत्ते!" म्हणून अंगणात आडवे होतात. मेलो, मेलो. वीस वर्षं मरतायत. मग अत्या म्हणते, "ऊठ रे महिषासुरा, खीर निवतीय."

४. दांडा ओढून ठेवून बंदूक कधीही बाजूला ठेवू नये. स्प्रिंग मरते.

फट्.

मामा आडवे झाले नाहीत. डोळ्यावर हात ठेवून खाली बसले. आम्ही हसलो. मी जास्त हसले, कारण हे नवीन होतं. अत्या म्हणाली, "ऊठ रे महिषासुरा."

मामा अप्पांना म्हणाले, "अण्णा, स्वल्प पाणी."

बोटांमधून रक्त आलं तेव्हा अत्याच्या हातातलं खिरीचं भांडं खाली पडलं. अप्पा बंदुकीकडे बघत होते. मामांकडे नाही. बंदुकीकडे.

इस्पितळात मामांनी सांगितलं, रस्त्यावरून कुठून तरी आला, मारणारा दिसला नाही. डॉक्टरांनी छर्रा काढून एका छोट्या बाटलीत घालून त्यांच्या हातात दिला. ती बाटली त्यांनी अप्पांना एकदाही दाखवली नाही.

५. हाताचा घाम लोखंडाला वाईट. पुसून मगच ठेवावी.

आता बंदूक कोणी पुसत नाही. ती कपाटावर आहे, नळीवर अजून कुंकू.

अप्पा मामांच्या दुकानाला निघतात, फाटकापर्यंत जातात आणि परत येतात. मी दार उघडते. ते गॅसचं बटण बघतात. जातात. परत येतात. मी दार उघडते.

"बंद आहे, अप्पा."

"मला ठाऊक आहे. पण मला ठाऊक होतं म्हणजे काय, सांग बघू? बंदूक रिकामी आहे हेही मला ठाऊकच होतं."

छत्तीस वर्षं त्यांनी कारखान्यात बेअरिंगच्या गोळ्या तपासल्या. भिंगाखाली धरून चांगली इकडे, वाईट तिकडे. आता स्वतःच्या शर्टाची बटणं दोनदा मोजतात.

रणवीरदादा शहराच्या दुसऱ्या टोकाहून, जे. पी. नगरहून आला, स्कूटरची किल्ली घेऊन गेला. एका डॉक्टरने विस्मरणाच्या गोळ्या लिहून दिल्या. दादा म्हणाला, येत्या रविवारी अप्पांना मी नेतो, हे घर बंद करू, अत्याला धाकट्या काकांकडे ठेवू.

"मी काय पेटी आहे का ठेवायला?" अत्या म्हणाली.

अप्पांनी डोकं हलवलं. सरी, म्हणजे ठीक, असं हळू म्हणाले. माझे अप्पा.

२, पुन्हा.

वायसर बसवून अप्पा दुकानात गेले तेव्हा मी घरात एकटी होते. नवा वायसर हवा किती धरतो ते मला बघायचं होतं. अप्पा बंदुकीत घालतात त्या कारखान्यातल्या स्टीलच्या गोळ्या पेटीत कुलूपबंद. पण त्या अमेरिकन माणसाने बंदुकीबरोबर दिलेली छर्‍यांची कागदी नळी खणात होती. अप्पा ती कधी फोडत नाहीत. तांब्याचा मुलामा आहे, परत मिळायचे नाहीत, म्हणतात. मी तीन घेतले. मागच्या अंगणात डालड्याचा डबा ठेवला. पहिला लागला. दुसरा लागला. तिसऱ्यांदा दांडा ओढला, चाप ओढला, नुसती हवा आली. मला वाटलं, दोनच घातले असतील. फाटक वाजलं. मी बंदूक पुसली आणि खंडेनवमीसाठी मांडलेल्या पाटावर ठेवून दिली.

मुद्दाम नाही. घाईत.

त्या दिवशी बोलायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मामांचं ऑपरेशन होतं. तिसऱ्या दिवशी सगळे म्हणायला लागले की वयामुळे झालं, आणि वयाला कोणी शिव्या देत नव्हतं, आणि मी गप्प बसले. मग रोज गप्प बसणं थोडं थोडं सोपं होत गेलं.

शुक्रवारी मी अप्पांना सांगितलं. सगळं, डब्यासकट.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रणवीरने नेऊ नये म्हणून म्हणतेस ना? माझी समजूत काढू नकोस, बाळ. आपली चूक दुसऱ्याच्या पदरात टाकायला मी अजून एवढा म्हातारा झालो नाही."

"अप्पा, खरं सांगतेय."

"गॅस बंद केलास?"

शनिवार.

हा भाग वहीत कुठे बसत नाही.

शिवाप्पामामा दुकानात केळीची पानं कापत होते. डोळ्यावर हिरवी पट्टी. आता पानाच्या कडेचा त्यांचा अंदाज चुकतो, त्यामुळे पानं वेडीवाकडी निघतात.

"ये रम्याक्का, बस. तुझ्या लग्नाची पानं कापतोय बघ, पोरगा मिळेपर्यंत सुकतील."

मी उभ्यानेच सांगितलं. त्यांचा चाकू थांबला नाही. तीन पानं कापून झाली.

"अण्णा रोज सकाळी येतो," ते म्हणाले. "त्या पायरीवर बसतो. वर स्टुलावर बस म्हटलं तर बसत नाही. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा माणूस, माझ्या पायाशी बसतो. तुला माहीत होतं?"

"हो."

"माहीत होतं, आणि तू घरात बसून भात रांधत होतीस?"

"मामा, ती बाटली पाहिजे. अप्पांना माझं खरं वाटत नाहीये."

ते आत गेले. बाहेर येऊन बाटली माझ्या हातात दिली नाही, केळीच्या पानांवर ठेवली.

"डोळा गेला तो गेला. तो चुकून गेला. घेऊन जा. आणि रम्या, थोडे दिवस दुकानात येऊ नकोस."

रम्या. अक्का नाही.

३. रिकामी आहे म्हणून ठेवण्याआधी नळी खाली करून हलवावी, मग वर, मग दोन्ही कुशींवर. एखादा छर्रा अडकून राहतो. ज्याचा हात शेवटचा लागला त्याने हे करायचं.

रविवारी दादाची गाडी फाटकाशी उभी होती. अप्पांची ट्रंक भरून झाली होती. मी बाटली त्यांच्यासमोर ठेवली आणि कपाटातून भिंग काढून दिलं.

"रम्या, आता हे काय नवीन?" दादा म्हणाला. "उशीर होतोय."

अप्पांनी छर्रा तळहातावर घेतला. भिंग धरलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी छर्रा नखाने फिरवला, उजेडाकडे गेले, पुन्हा फिरवला.

"तांब्याचा आहे," ते म्हणाले. "हा माझा नाही."

"नाही, अप्पा."

"मी हलवून बघितली होती."

"हो."

"मी हलवून बघितली होती, रणवीर," ते मोठ्याने म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "शिवाप्पाला सांगितलंस?"

"काल."

"अत्याला?"

"मी इथंच बसलीय, संताजी," अत्या म्हणाली. "कान आहेत मला."

अप्पांनी छर्रा बाटलीत घातला, बूच लावलं. मला वाटलं आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"रोज फाटकापासून परत यायचो मी," ते म्हणाले. "तू दार उघडायचीस."

मी भिंग परत कपाटात ठेवलं.

"रोज."

मग दादापुढे हात केला. "किल्ली."

"अप्पा, डॉक्टर म्हणालेत..."

"किल्ली दे."

स्कूटर पाचव्या किकला सुरू झाली. बाटली खिशात घालून अप्पा शिवाप्पामामांच्या दुकानाकडे निघाले. फाटकाशी क्षणभर थांबले. सवयीने मी दार उघडं धरलं.

ते परत आले नाहीत.