खालची दाढ

आयाकुचो शहरातल्या त्या सरकारी खोलीत टेबलावर एक जबडा ठेवला होता. प्लास्टिकचा, गुलाबी हिरड्यांचा, बिजागरीवर उघडमीट होणारा. दातांच्या कॉलेजात शिकवायला असतो तसा. इलारियाने तो पाहिला आणि शालीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"घाबरू नकोस, माय," योवाना म्हणाली. ती दातांची डॉक्टर, पण तिचं काम मेलेल्यांची ओळख पटवायचं. डोंगरातली केचुआ भाषा अगदी गावातल्या बायांसारखी बोलायची. "हा कुणाचा नाही. कारखान्यातला आहे."

"घाबरायला आता उरलंय काय?"

इलारियाचा थोरला, फेलिसियानो, सतरा वर्षांचा असताना सैनिकांनी त्याला बटाट्याच्या शेतातून उचलून नेलं. त्याला एकोणचाळीस वर्षं झाली. गेल्या वर्षी सैनिकांच्या जुन्या छावणीमागे एक खड्डा उघडला, त्यात सहा जण निघाले. हाडं इतकी जळलेली, की नातेवाइकांचं रक्त जुळवून काही हाती लागेना. त्यातल्या एकाचं वय आणि उंची तेवढी फेलिसियानोशी जुळत होती.

"त्याची एक दाढ काढली होती म्हणालीस ना? कुठली, ते यावर दाखव."

इलारियाने बोट पुढे केलं, मागे घेतलं. जबडा तिच्याकडे तोंड करून होता. डावं कुठलं, उजवं कुठलं, काही उमगेना.

"आई, नीट आठव गं," शेजारी बसलेली तिची मुलगी दियोनिसिया म्हणाली.

"तू गप. तू तेव्हा माझ्या पाठीवर बांधलेली होतीस."

मग तिने जबडा उचलला आणि मांडीवर उताणा ठेवला. जत्रेत दात उपटणाऱ्याने पक्कड घातली, तेव्हा पोराचं डोकं असंच तिच्या मांडीत होतं. तिने डाव्या हाताने कपाळ दाबून धरलं होतं, उजव्याने ओठ. आताही उजवा अंगठा आपोआप एका दाढेवर जाऊन थांबला.

"ही."

"नक्की?"

"त्या गाढवाने आधी शेजारचीच धरली होती. पोरगं ओरडलं, 'आंधळ्या, ती नव्हे!'"

योवानाने खड्ड्यातल्या त्या दातांच्या नोंदीचा कागद उलटला. पुन्हा सुलटा केला.

"तीच आहे, माय. खालची उजवी. तिच्या मागची दाढ त्या फटीत कललीय."

दियोनिसियाने टेबलावर डोकं टेकलं आणि हंबरडा फोडला. इलारिया वाट पाहत बसली. इतकी वर्षं तिला वाटायचं, कळलं की ऊर फुटेल. काहीच फुटलं नाही. पाय तेवढे गार पडले होते.

"गावची शेवटची बस कितीला?" तिने विचारलं.

बाजारात तिने मक्याचं सूप घेतलं. आपलं संपवलं, मग लेकीनं टाकलेलंही.

नोव्हेंबरात पेटी आली. पांढरी, एवढीशी, दियोनिसियाने एकटीने उचलून आणली. स्मशानात दीर खड्ड्याकडे बघत म्हणाला, "वहिनी, एवढा लांब कशाला खणायला लावलास?"

"सतराचा होता," ती म्हणाली. "माझ्याहून उंच."

खड्डा भरायला बराच वेळ लागला. ती शेवटपर्यंत उभी राहिली, मग मेंढ्या सोडायला गेली.