तनुजाची तुळा

आमच्या तनुजावर सिनेमा निघाला तेव्हा तिला जाऊन पाच वर्षं झाली होती. एकोणीस वर्षांची पोर. फुलंब्रीजवळच्या आमच्या वाडीतून रोज एसटीनं शहरात जायची, खो-खो खेळायची. तिच्या संघानं राज्याचं सुवर्णपदक आणलं आणि दोन महिन्यांनी ती तापानं गेली.

सिनेमा काढणारा सम्यक शहरातलाच मुलगा. तनुजाला खेळ शिकवणाऱ्या चांदपाशा सरांनी त्याला माझा नवस सांगितला होता. पोरीच्या गळ्यात पदक पडलं तर तिच्या वजनाएवढा भंडारा खंडोबाला वाहीन, असं मी बोलले होते. तराजूच्या एका पारड्यात पोर बसवायची, दुसऱ्यात हळद.

"मग फेडला ना नवस, मावशी?" सम्यकनं विचारलं.

"फेडला की," मी म्हणाले.

फेडला नव्हता. पदक आलं तेव्हा कापूस वेचणीला आला होता. तनुजा विचारायची, "आई, कधी बसवती मला तराजूत?" मी म्हणायचे, "पुढच्या रविवारी." रविवार खंडोबाचा. असे सात रविवार गेले. आठव्या रविवारी ती दवाखान्यात होती. माझ्या उशिरापायी देवानं तिला नेलं, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. तेव्हापासून मी टेकडीवरच्या देवळाची पायरी चढले नव्हते.

सम्यकला खोटं सांगितलं, कारण मला वाटलं, सिनेमात तरी ती तराजूत बसेल. मला तेवढं बघायचं होतं.

शूटिंगच्या दिवशी टेकडी चढताना माझे मालक बिरू म्हणाले, "सांगून टाक त्याला. देवाच्या दारात खोटं नको."

"सिनेमाच हाय तो."

"सिनेमा असंल. देऊळ खरं हाय ना?"

ते पुढं चालायला लागले.

देवळासमोर आडतीवरचा मोठा तराजू टांगला होता. हळदीच्या थैल्या रचून ठेवल्या होत्या. हळद खरी होती, वास दूरवर येत होता. तनुजाचं काम झेबा करत होती. ती चांदपाशा सरांच्याच मैदानावरची खेळाडू. नट्यांना खो-खोच्या पाटीवर उकिडवं बसून उठता येईना, म्हणून सरांनी तिचं नाव सुचवलं. तिनं तनुजासारखीच निळी जर्सी घातली होती, केस तसेच आवळून बांधले होते.

झेबा पारड्यात बसली. मांडी घालून, गुडघ्यांवर हात ठेवून. तनुजा अशीच बसली असती.

माणसं समोरच्या पारड्यात थैल्या ठेवायला लागली. एक जण मोजत होता.

"किती ठेवता?" मी विचारलं.

"बावन्न किलो, मावशी. झेबाचं वजन तेवढं आहे."

"पण नवस तनुजाचा हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. चांदपाशा सर पुढं आले. "बरोबर आहे. तनुजा त्रेचाळीसची. स्पर्धेला निघताना मीच वजन केलं. मला म्हणाली, सर, मला लई जेवू घालू नका, आईला तेवढीच हळद जास्त लागंल."

लोक हसले. मला माहीत नव्हतं ती असं बोलली होती ते.

"तुळा झालीच नाय," मी म्हणाले. "मी लबाड बोलले, सम्यक. रविवार रविवार करत राहिले. दवाखान्यात न्यायला उचलली तेव्हा ती त्रेचाळीसचीबी नव्हती राहिली."

बिरूंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. सम्यकनं हातातले कागद गुंडाळले. पुन्हा उलगडले.

"मावशी, सगळा सिनेमा या तराजूवर येऊन थांबतो. आता शेवट काय करू मी?"

"मला काय ठाऊक, बाबा?"

"मावशी, मैं उतरूं क्या?" झेबानं हळूच विचारलं.

"नगं. बस. जरा बस बाई."

मी पारड्याजवळ गेले. पाच वर्षांत इतक्या जवळून देऊळ बघितलं नव्हतं. मोजलेल्या थैल्यांतल्या नऊ किलो भरतील तेवढ्या मी आपल्या हातानं काढून खाली ठेवल्या, बाकीच्या पारड्यात घातल्या. उरली ती तनुजाची हळद होती. पण झेबाचं पारडं जमिनीला टेकलेलंच राहिलं. कितीही वेळ उभी राहिले असते तरी ते उठणार नव्हतं.

बिरू माझ्या मागं येऊन उभे राहिले.

"कितीची असती गं आज?"

"काय?"

"पोर. चोवीस वर्सांची झाली असती. तेवढीच राहिली असती का? लगीन झालं असतं, येखादं लेकरू असतं. भरली असती की जरा."

त्यांनी वाकून मी काढलेली एक थैली उचलली आणि पारड्यात ठेवली. मग दुसरी. मला म्हणाले, "तू ठेव. नवस तुझा हाय."

शेवटची थैली मी ठेवली. दांडी कुरकुरली. झेबाचं पारडं जमिनीपासून सुटलं, तिनं घाबरून साखळी धरली आणि तिला हसू आलं.

सम्यकनं कॅमेरावाल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सिनेमात घे नायतर नगं घेऊ," मी म्हणाले.

मी चिमूटभर भंडारा घेतला. "लावू का गं?" म्हणून झेबाला विचारलं. तिनं कपाळ पुढं केलं. हळद लावताना मी तिचं तोंड नीट बघितलं. नाक वेगळं होतं, हनुवटी वेगळी होती, हसणंही वेगळं. ती झेबाच होती.

"मावशी, अभी उतरूं?"

"थांब थोडं," मी म्हणाले.