हलका मिक्सर

"स्टीलचं भांडं नको. प्लास्टिकचं दाखवा," ताई म्हणाली.

दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अहो, प्लास्टिक वर्षभरात तडकतं. स्टील जन्माला पुरेल."

"तरी तेच दाखवा. आणि मिक्सरही हलकाच हवा."

तिने एकेक मिक्सर दोन्ही हातांनी उचलून तोलून पाहिला. धाकट्या भावाला हसू आलं. "इस्पितळात दिवसभर पेशंट उचलतेस, आणि याचं ओझं होतं होय तुला?"

"मला उचलायला नाही रे."

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. तिने झडप घालून तो कानाला लावला. "हो... दुकानातच आहे... भाऊ आहे सोबत... निघतेच." फोन ठेवला तेव्हा तिच्या वरच्या ओठावर घाम डवरला होता.

भावाचं हसू मावळलं. "ताई, जुना मिक्सर मोडला कसा?"

"भिंतीवर आपटून." तिने दुकानदाराकडे पाठ केली. "त्याच्या आवाजाने ह्यांची झोप मोडली. भांडं छकुलीच्या कानाजवळून गेलं. थोडक्यात वाचली पोर. म्हटलं, आता हलकं असलं म्हणजे लागलं तरी..."

आपण काय निवडायला आलोय, ते तिचं तिलाच ऐकू आलं.

भावजींच्या शांत स्वभावाचे माहेरी सगळे गोडवे गायचे. त्यात भाऊही होता.

"हाच बांधू ना?" दुकानदाराने विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली. मग भावाला, "शाळा सुटेल आता. छकुलीला घेऊन तुझ्याकडे येते. राहायला."

"चल."

रस्त्यात फोन पुन्हा वाजला. तिने घेतला नाही. वाजत राहिला, थांबला, वाजला. मग एकदम गप्प झाला. ती झपाझप चालू लागली.

आजवर जो छकुलीच्या शाळेकडे कधी फिरकला नव्हता, तो ताईचा नवरा शाळेच्या फाटकापाशी उभा होता. एका आईशी हसून बोलत होता. एका हातात छकुलीचं दप्तर, दुसऱ्या हातात तिचं मनगट. छकुली जमिनीकडे बघत होती.

"झाली खरेदी?" त्याने गोड आवाजात विचारलं.

भाऊ पुढे सरसावला. ताईने त्याचा दंड धरला आणि स्वतः पुढे झाली. "तिचा हात सोडा."

आजूबाजूच्या आया वळून बघू लागल्या. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. बराच वेळ तसंच राहिलं.

मग त्याने मनगट सोडलं. दप्तर मात्र सोडलं नाही.