लिओच्या शेळ्या

शिवांगीनं पुण्यात कुत्रा घेतला आणि कंपनीनं तिला जर्मनीला पाठवलं तेव्हा तो चाकूरला आईकडं, सत्यशीलाकडं, आणून सोडला. "थोडेच महिने, आई." काळा-पांढरा, झुबकेदार, नाव लिओ. बॉर्डर कॉली. तिकडं विलायतेत म्हणे ही जात मेंढरं वळते. चाकूरच्या त्या दोन खोल्यांत वळायला एकटी सत्यशीलाच होती. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली.

तर तो तिलाच वळायचा. स्वयंपाकघरात गेली की मागं, अंगणात गेली की पुढं, न्हाणीत गेली की दारावर पंजे. इतकी चौकशी तिची नव्या लग्नातही कुणी केली नव्हती.

देवळापर्यंत फिरवून आणलं की तिला धाप लागायची, अन् हा पट्टा तोंडात धरून पुन्हा दारात. नाहीतर पोट जमिनीला लावून, पापणी न हलवता, रस्त्यावरच्या स्कूट्यांकडं बघत बसायचा. कुणाची तरी नजर लागली म्हणून तिनं मीठ-मिरच्या घेतल्या. हात ओवाळायच्या आधी तोच तिच्याभोवती फेऱ्या मारून मोकळा झाला.

मग एक दिवस शिकवणीहून परतणारी पोरं त्यानं रेटत रेटत तिच्या फाटकात आणून उभी केली. एक पोरगं फुटून पळालं, त्याच्या टाचेला दात लागले.

पोरगं शेजारच्या अण्णारावांचा नातू. ते आले ते तणतणतच. "वैनी, इंजेक्शन देऊन आणलं पोराला. हे कुत्रं न्हाई, मुकादम हाय! लांब कुठं सोडून या. न्हाईतर रविवारी मी नगरपंचायतीची गाडी बोलावतो."

"बांधून ठिवते, भाऊजी."

बांधलं तर साखळी पुरेल तेवढ्या गोलात तो धावतच राहिला. जेवायचंही सोडलं. तिनं शिवांगीला फोन लावला.

"आई, तो वाईट नाही, रिकामा आहे. नुसतं फिरवून भागत नाही त्याचं. डोक्याला काम लागतं. नाही दिलं तर स्वतःच शोधतो."

"इथं मलाच काम उरलं न्हाई. त्याला कुठून देऊ?"

मग शिवांगीची मीटिंग सुरू झाली.

शनिवारी सत्यशीला लिओला घेऊन गावाबाहेर वीरण्णाकडं गेली. त्याचा शेळ्यांचा मोठा कळप.

"चार शेळ्या अर्धलीनं दे मला. सांभाळते मी. करडं झाली की निम्मी तुझी."

वीरण्णा हसायलाच लागला. "वैनी, लोक शेळ्यांसाठी कुत्रं पाळतेत. तुम्ही कुत्र्यासाठी शेळ्या पाळून राहिल्या का?"

"हाव."

"अन् फाडली एखादी तर?"

"तर उद्या गाडी येणारच हाय त्याला न्यायला."

तिनं पट्ट्याचा आणखी एक वेढा मनगटाला दिला. वीरण्णानं चार शेळ्या माळावर हाकलल्या. त्या चार दिशांना पांगल्या. तिनं पट्टा सोडला अन् डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत ते तिला कळेना.

लिओ सरळ गेलाच नाही. लांबून वळसा घातला, वाकून, न भुंकता. काळ्या शेळीनं शिंगं रोखली. तो थांबला, नुसता बघत राहिला. शेळीनंच तोंड फिरवलं. थोड्या वेळानं चारीही सत्यशीलाच्या पायाशी येऊन उभ्या, अन् एकीलाही ओरखडा नाही.

"आयला!" वीरण्णा म्हणाला. "माझी पोरं द्यावी का ह्याच्याकडं?"

रविवारी अण्णाराव डोकावले. अंगणात कुत्रं शेळ्यांपाशी शांत बसलेलं. "अन् लेंड्यांचं काय, वैनी?" एवढंच कुरकुरले. गाडी आली नाही.

आता सकाळी ऊन चढायच्या आत अन् ऊन उतरल्यावर पुन्हा, दोघं माळावर. दाट केसांना इथलं ऊन सोसत नाही. दिवेलागणीला लिओ घरी येतो, वाटीभर पाणी पितो अन् ओसरीवर लाकडासारखा पडतो.

एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गेली. मागं कुणी नाही. न्हाणीचं दार लावलं. पंजे नाहीत. भांडी मांडताना तिनं एक ताटली मुद्दाम आपटली. लिओचा एक कान हलला, तेवढंच.

फोन वाजला. "लिओ कसा आहे गं?"

"झोपलाय. गाढ."

"वा! आणि तू?"

सत्यशीला ताटली पुसत राहिली.

"मला शेळ्यांना पाणी दाखवायचंय," ती म्हणाली. "ठिवते."