लाल दोऱ्याची काठी

वाचनालयाच्या चोवीस खुर्च्या शनिवारी दुपारी टेम्पोतून गेल्या आणि ती एका उलट्या डब्यावर टेकली. सुटले बाई, असं मोठ्यानेच म्हणाली. दीड वर्षात पहिल्यांदा कारखान्यात कुणाचंच काम अडकलेलं नव्हतं. पुढचे तीन दिवस तिचे होते, म्हणजे टेकडीवरच्या घराचे.

ते घर म्हणजे तिच्या वडिलांचं खूळ. ना विजेची तार, ना नळ. झऱ्याचं पाणी टाकीत, छपरावर सोलर पॅनेल, लाकडाची चूल, आणि म्हातारपणी आई आणि ते, दोघंच. सहा दिवस लोकांच्या खुर्च्या आणि सातव्या दिवशी घर, असा त्यांचा बेत होता. पण गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की पहिला बळी जायचा तो सातव्या दिवसाचा. नऊ वर्षांत पाया झाला, खांब उभे राहिले, तुळया आणि आढं चढलं. छपराचे बावीस वासे त्यांनी कारखान्यातच सांधे पाडून तयार केले, भिंतीशी रचून ठेवले, आणि एका सकाळी रंधा हातात असतानाच ते गेले.

"तुझ्या बापानं अख्ख्या गावाला बसायला दिलं," आई म्हणायची, "आणि मला छप्पर देतो देतो म्हणत आयुष्यभर तंगवलं." बोलायची अशी; पण तिकडे न्यायची भांडी तिने खोक्यात बांधून पलंगाखाली ठेवली होती, ती वडील गेल्यावरही सोडली नव्हती.

ती भांडी पाहिली की मुलीला कळायचं, आपण नोकरी सोडून हा भुसा का खातोय ते. कारखाना चालला पाहिजे आणि छप्परही चढलं पाहिजे. पण तिचेही रविवार वडिलांसारखेच गेले. कुणाची आरामखुर्ची, कुणाचा पाळणा, मग वाचनालय. खांब दोन हिवाळे उघड्यावर राहिले.

"तिसरा हिवाळा काढायचे नाहीत ते," काकांनी बजावलं होतं. काका म्हणजे कारखान्यातले पॉलिशवाले, वडिलांचे तीस वर्षांचे जोडीदार. "एक तर छप्पर चढव, नाहीतर नाद सोड. अधांतरी ठेवू नकोस."

रविवारी सकाळी वासे टेम्पोत चढवून झाले, दोर आवळून झाला, आणि काकांनी सहज विचारलं, "काठी घेतलीस ना?"

"कुठली?"

"कुठली काय? घराची. लाल दोऱ्याची."

वडील टेप वापरत नसत. प्रत्येक कामाची एक मापकाठी असे. सरळ, वाळलेल्या लाकडाची, तिच्यावर पटाशीने पाडलेल्या खुणा. पायाची उंची, पाठीचा कल, सगळं त्या खुणांत. कागदावर काही नाही. काम संपलं की काठी कोपऱ्यातल्या पिंपात जायची, आणि पुढच्या कामाला पाचरी लागल्या की तीच कापायची. खुर्चीचा पाय बैठकीत ठोकला की त्याच्या डोक्यात पाचर मारावी लागते, आणि पाचरीला त्या काठ्यांइतकं चांगलं लाकूड दुसरं मिळत नाही. पिंपातली काठी म्हणजे संपलेलं काम, हे ती फ्रॉक घालायची तेव्हापासून तिला माहीत होतं.

"लाल दोरा कशाला असायचा?" तिने विचारलं.

"अगं, वर्षानुवर्षं चाललेलं काम ते. चुकून कुणी कापू नये म्हणून खिळ्याला टांगून ठेवायचा. तुला सांगितलं नव्हतं?"

नव्हतं सांगितलं. सांगायला सातवा दिवस लागला असता.

वडील गेल्यावर महिन्याने तिने कारखाना आवरला होता. काका तेव्हा दवाखान्यात होते. खिळ्यावरची काठी तिने उतरवली, पिंपात टाकली, आणि लाल दोरा चांगला मजबूत दिसला म्हणून त्याने सँडपेपरचे तुकडे बांधून ठेवले. ते अजून फळीवर तसेच होते. तिने पाहिलं. काकांनीही पाहिलं.

काकांनी पिंप आडवं केलं आणि गुडघ्यांवर बसून एकेक काठी चाळली. शेवटी भुशातून त्या काठीचा वीतभर तुकडा निघाला. त्यावर शेजारी शेजारी तीन खुणा होत्या.

"चोवीस खुर्च्या," ती म्हणाली. "शहाण्णव पाचरी."

"पाचरी ठोकल्यावर वरून रंधा मारलास?"

"मारला. काका, तुम्हीच त्यावर पॉलिश केलंत."

तरीही दोघं टेकडीवर गेले. वासे चढवलेत तर आता उतरवायचे कशाला, असं काका म्हणाले. टेकडीचा खडक वेडावाकडा, त्यावर खांब वेगवेगळ्या उंचीचे, आढंसुद्धा एका अंगाला झुकतं. त्यामुळे बावीसही वासे लांबीला एकमेकांपासून बोटभर, दोन बोटं वेगळे. कुठला कुठे, ते फक्त काठीला ठाऊक. पहिला वासा आखूड पडला. दुसरा आढ्यावर बसला, तर खाली तुळईशी त्याचा सांधा उघडा राहिला. दुपारपर्यंत त्यांनी सहा वासे वर नेले आणि सहाही खाली आणले.

"एकेक लावून बघत राहिलो तर बसतील कधीतरी," ती म्हणाली.

काकांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि कोपऱ्यातल्या खांबाच्या बुडाशी टेकवला. जोर लावावा लागला नाही. मुठीपर्यंत आत गेला.

"तेवढा वेळ याच्याकडे नाही गं बाळा."

सोमवारी ती वाचनालयात गेली. पाय डुगडुगतात का बघायचं आहे, असं सांगून तिने एकेक खुर्ची खिडकीपाशी ओढली. बैठकीवर चार पाचरींची चार डोकी, पॉलिशखाली गुळगुळीत. अकराव्या खुर्चीत एका पाचरीवर केसाएवढी आडवी रेघ दिसली. रंध्यातून वाचलेली खूण. बहुतेक टेकडीवरच्या घराच्या खिडकीची असावी, किंवा दाराची. एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र घेऊन मागे उभे होते.

"बसू का?"

"बसा ना," ती म्हणाली आणि बाजूला झाली. पाचर काढायची तर बैठक फोडावी लागते.

"खुर्ची झकास झालीय हो," ते बसता बसता म्हणाले.

मंगळवारी शाळेकडून बाकांचं काम आलं. "वाळलेलं लाकूड लागेल," काका म्हणाले आणि भिंतीशी परत रचलेल्या वाशांकडे बघायचं त्यांनी टाळलं. तिने स्वतःच पहिला वासा उचलून करवतीवर घेतला. वडिलांनी पाडलेला सांधा आधी कापून बाजूला काढला, मग उरलेल्याचे पाय. सांधा ठेवावा का, म्हणून क्षणभर हातात धरला. मग जळणाच्या पेटीत टाकला.

घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात आईने पलंगाखालचं खोकं ओट्याजवळ आणून ठेवलं होतं. काकांनी फोन केला असणार. आई खाली बसून वर्तमानपत्रात गुंडाळलेली भांडी एकेक करून सोडत होती, पुसत होती, मांडणीवर लावत होती.

"आई, मी..."

"त्या पातेल्याचं झाकण दे इकडे," आई म्हणाली. तिने झाकण दिलं. आईने ते फिरवून फिरवून पुसलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं.

"आता रविवारी तरी घरी जेवत जा," आई म्हणाली.