हळद लागलेली फ्लॉपी

मी फ्लॉपी बोलतेय. तळहाताएवढी, काळी, चौकोनी, वर पत्र्याचं सरकतं झाकण. सध्या मुक्काम कळव्याला, उत्तराच्या ड्रॉवरमध्ये. शेजारी रबरबँड, संपलेली पेनं आणि लग्नातल्या उरलेल्या पत्रिका. इथे माझी विचारपूस करणारं कुणी नाही, म्हणून आपणच बोलावं म्हटलं.

जन्म कुठला ते ठाऊक नाही. शुद्ध आली तेव्हा डोंबिवलीत एका दुकानात, दहाजणींच्या डब्यात होते. सत्त्याण्णव साली उत्तराने तो डबा घेतला. ती ठाण्याला एका ऑफिसात कामाला. घरी आई कलावती आणि वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. थोरला भाऊ चंदू नोकरीसाठी अमेरिकेला गेला, जाताना आपला कॉम्प्युटर मागे ठेवून गेला. कॉम्प्युटर होता, पण घरात फोन नव्हता; नंबर लावून पाच वर्षं झालेली. फोनच नाही तर इंटरनेट कुठून येणार?

म्हणून मी. दर शनिवारी उत्तरा सायबर कॅफेत जायची, चंदूची ईमेल उघडायची आणि माझ्यात भरून घरी आणायची. घरी सगळे निवांत वाचायचे. उत्तर घरीच टाइप करायचं, माझ्यात ठेवायचं, पुढच्या शनिवारी कॅफेत जाऊन पाठवायचं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. पोस्टमनला दिवाळीला पोस्त तरी मिळतं, मला तेही नाही. पण खोटं कशाला बोलू, मला अभिमान होता. सातासमुद्रापलीकडची खुशाली माझ्या पोटातून यायची, ही काय थट्टा आहे?

पुढे चंदूने तिकडच्याच एका मुलीशी लग्न केलं आणि केल्यावर कळवलं. अण्णांनी त्याचं नाव घेणं सोडलं. तीस वर्षं एमआयडीसीतल्या कारखान्यात टायपिस्ट होते ते. एकदा उमटलेला शब्द खोडायचा नाही, हा त्यांचा खाक्या. उत्तरा चंदूचं पत्र मोठ्याने वाचायला बसली की हे पेपर घेऊन गॅलरीत. दीड वर्ष हेच. मधल्यामध्ये कलावती सुकत चालली.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत उत्तराचं लग्न ठरलं. त्या रविवारी अण्णा कॉम्प्युटरसमोर येऊन बसले आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. दोन तास बसले होते. टायपिस्टची बोटं ती, पण त्या दिवशी अडखळत होती. वर तारीख, खाली 'चिरंजीव चंदूस'. लाजाहोमाला बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायला भाऊ लागतो, तेव्हा तू ये, सूनबाईला घेऊन ये, असं लिहिलं. सूनबाई! हा शब्द त्यांच्या तोंडून त्या घराने ऐकला नव्हता. आणखीही बरंच लिहिलं. कुणाला वाचू दिलं नाही. उत्तराने शिकवलं होतं तसं थेट माझ्यातच ठेवलं. दुसरी प्रत कुठेही नाही.

अण्णा आंघोळीला गेले आणि कलावतीने मला उचललं. लग्नाचं पत्र कोपऱ्यांना हळद-कुंकू लावल्याशिवाय घराबाहेर काढायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत आणि सासरचीही. शुभकार्याचं बोलावणं कोरडं कसं धाडायचं? तिने वाटीत हळद कालवली आणि माझे चारही कोपरे माखले, त्यावर कुंकू लावलं. मग मला देवापुढे ठेवून हात जोडले. लेक येणार म्हणून तिचे डोळे भरून आले होते. इकडे हळदीचं पाणी माझ्या झाकणाखालून आत उतरत होतं. बाई गं, पूस मला, म्हणून मी किती ओरडले. आमचं ओरडणं माणसांना कुठे ऐकू जातं?

शनिवारी कॅफेतल्या मशीनने मला आत घेतलं आणि नुसती करकर केली. दुसऱ्या मशीनचं तेच. कॅफेवाल्या नाथाने माझं झाकण सरकवून पाहिलं.

"ताई, ही गेली. बघू का फॉरमॅट करून? आतलं पुसेल, पण फ्लॉपी कदाचित वाचेल."

म्हणजे पत्र मारायचं आणि मला जगवायचं! उत्तराने मला त्याच्या हातातून हिसकावून घेतलं. मग तिथेच बसून चंदूला चार ओळी लिहिल्या, की अण्णांनी तुला पत्र लिहिलंय, फ्लॉपी खराब झाली, पण त्यांनी बोलावलंय, दोघं या. घरी मात्र, आईवर बोल नको म्हणून, पत्र गेलं एवढंच सांगितलं. इथेच पोर चुकली.

चंदूचं उत्तर पुढच्या शनिवारी माझ्या एका बहिणीच्या पोटातून आलं. आम्ही दोघी एकाच पर्समध्ये होतो. त्याने लिहिलं होतं, "उत्तरा, तू दोन्हीकडचं सांभाळायला बघतेस, कळतं मला. पण अण्णा असं लिहिणार नाहीत. त्यांचा एक शब्द दाखव, मी लगेच निघतो."

हे घरी कुठल्या तोंडाने वाचायचं? तिने ते लपवलं. अण्णा आता शनिवारी गॅलरीत जात नव्हते, दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. चौथ्या शनिवारी त्यांनी विचारलंच, काही आलं का म्हणून. उत्तराला राहवलं नाही. हळदीपासून सगळं सांगून टाकलं.

"आजवर हळद लावून शेकड्याने पत्रं गेली या घरातून," अण्णा म्हणाले. "एक तरी खराब झालं? त्याला यायचं नाही, एवढं सरळ सांग. माझ्यासाठी गोष्टी रचू नकोस."

ती मला दाखवायला घेऊन आली, तर त्यांनी मान फिरवली. एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं, म्हणाले. कलावती त्या दिवशी जेवली नाही. माझ्या हातानं झालं, माझ्याच हातानं झालं, एवढंच घोकत राहिली.

मे महिन्यात कल्याणच्या हॉलमध्ये लग्न झालं. लाह्या मामेभावाने घातल्या. सासरी येताना उत्तराने मलाही सोबत आणलं.

परवा दिवाळीत अण्णा इथे लेकीकडे आले होते. पेन शोधायला म्हणून त्यांनी ड्रॉवर उघडला आणि मी हाती लागले. त्यांनी नखाने माझं झाकण सरकवलं. आतली वाळलेली पिवळी खपली बोटाला लागली. ते बोटाकडे बघत राहिले.

"म्हणजे चंदूला मिळालंच नाही?"

"नाही, अण्णा."

उत्तराने धावत जाऊन कागद आणि चालतं पेन आणलं. अण्णांनी तारीख घातली, 'चिरंजीव चंदूस' लिहिलं आणि पेन थांबलं. मी जीव मुठीत धरून बघत होते.

"तेव्हा लग्न होतं म्हणून बोलावलं," ते म्हणाले. "आता काय कारण सांगून बोलावू? तेव्हा काय काय लिहिलं तेही धड आठवत नाही."

कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली आणि संध्याकाळी डोंबिवलीला परत गेले.

मला आता फेकून दिलंत तरी चालेल. पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची अण्णांशी गाठ पडली, तर त्यांना त्यांचीच शेवटची ओळ तेवढी सांगा. ती ते विसरलेत, माझ्यात ती अजून आहे: 'लग्नाला रजा मिळाली नाही तर नंतर ये. कारण काही नको. नुसता ये.'